छत्रीचं नाणं

दादांनी केलेली कवळी तोंडात आहे की नाही, हे घालणाऱ्याच्याच काही दिवसांनी लक्षात राहत नसे, अशी त्यांची ख्याती होती. गल्लीतली मुलं त्यांना दातवाले म्हणत, दवाखान्यांत ते कवळीवाले काका होते, आणि घरात, सासरच्या गोतावळ्यात ते सगळ्यांचे दादा. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीशी लांब टेबल, त्यावर गॅसची बारीक ज्योत, मेणाच्या पट्ट्या, मोटरवर फिरणारं घासायचं चाक, आणि भिंतीच्या फळ्यांवर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे. नवखं माणूस आत आलं की दचकायचं. दादांचे साडू मात्र पहिल्यांदा आले तेव्हा कमरेवर हात ठेवून सगळीकडे बघत म्हणाले होते, "एवढे जबडे आणि एकही बोलत नाही. सुखी आहात दादा."

कामाची रीत अशी. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेत. गुलाबी पावडर पाण्यात कालवून त्याचा लगदा ट्रेमध्ये भरायचा आणि हिरडीवर दाबून धरायचा. थोड्या वेळात तो रबरासारखा घट्ट होतो आणि बाहेर काढला की त्यात तोंडाचा ठसा उमटलेला असतो. त्या ठशात प्लास्टर ओतलं की हुबेहूब हिरडी हातात येते. पण हे गुलाबी माप नाजूक प्रकृतीचं. दादा नव्या डॉक्टरांना कौतुकाने सांगत, माप घेतलंत की लगेच प्लास्टर ओता, त्याला एकटं सोडू नका, ते रुसतं. रुसतं म्हणजे वाळतं आणि आक्रसतं. मग त्याच्यावर केलेली कवळी कुणाच्याच तोंडात जात नाही.

कवळी बसली की नाही हे दादा कानाने ठरवत. सैल कवळी 'स' म्हणताना जागची हलते आणि बारीकशी टक् वाजते. त्यासाठी त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, ते प्रत्येकाला म्हणावं लागे: "सासऱ्यांनी साडूंना सोडून सगळ्यांसाठी सदरे शिवले." हे वाक्य त्यांच्या साडूंनी, भाऊंनी रचलेलं. दोघांचे सासरे नावाजलेले शिंपी. अख्ख्या पेठेला सदरे शिवून दिले, पण दोन जावयांना कधी साधा रुमाल शिवला नाही, ही भाऊंची जुनी तक्रार. दादांनी ती कामाला लावली. शहरातली कितीतरी बोळकी तोंडं भाऊंची तक्रार म्हणत म्हणत दातांची झाली.

नाण्यांचं वेड त्यांना एका म्हाताऱ्या फादरमुळे लागलं. फादरची जुनी कवळी प्रार्थना सांगताना घसरायची, आणि मागच्या बाकांवर शब्दांऐवजी टक् टक् पोचायचं. दादांनी नवी करून दिली. फादरनी हसत हसत सासऱ्यांचं वाक्य म्हटलं, आणि मग त्याच खुर्चीत डोळे मिटून एक छोटी प्रार्थना म्हटली. एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ आलं. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते. जाताना त्यांनी खिशातून एक चांदीचं नाणं काढून दादांच्या तळहातावर ठेवलं. त्यावर कुणा जुन्या पोपचा चेहरा होता, एका बाजूने कोरलेला, तीनशे वर्षांपूर्वीचा. फादर म्हणाले, ठेवा, तुमच्याच उपयोगाचा माणूस आहे.

दादांनी नाणं खिडकीशी नेऊन पाहिलं. गाल आत गेलेले, वरचा ओठ खाली पडलेला, हनुवटी नाकाकडे निघालेली. कोरणाऱ्याने काही लपवलं नव्हतं. दादा आपल्याशीच पुटपुटले, "वरचे सगळे गेलेत. खालचे पुढचे काही असावेत."

त्या दिवसापासून पोपांची जुनी चांदीची नाणी हा त्यांचा छंद झाला. दुसरे लोक नाण्यावरचं साल बघतात, शिक्का बघतात. दादा दात बघायचे. ह्याची दाढ सुजलेली आहे, हा उजवीकडून चावत असणार, ह्याला तर चांगल्या कवळीवाल्याची फार गरज होती. हे सगळं ते नाण्याला मान देऊनच म्हणत. नाण्यावरची लॅटिन अक्षरं त्यांना वाचता येत नसत आणि त्याचं त्यांना काही वाटतही नसे. ताई, म्हणजे त्यांची बायको, नाण्यांवरची धूळ मऊ फडक्याने टिपताना एकदा थांबून म्हणाली होती, "काय हो, आयुष्यभर दुसऱ्यांसाठी प्रार्थना करून गेले हे. आता ह्यांच्यासाठी कुणी करत असेल का?" आणि तेव्हापासून धूळ टिपताना ती प्रत्येकासाठी मनात दोन शब्द म्हणायची.

ह्या वेडात त्यांना सोबत मिळाली ती भाऊंची. भाऊ ताईच्या धाकट्या बहिणीचे यजमान. दागिन्यांच्या पेट्या करणं हा त्यांचा धंदा. पुठ्ठा, सरस, मखमल, आणि अंगठी असो की हार, ज्याच्या त्याच्या आकाराची खाच. त्यांनी दादांच्या नाण्यांसाठी सागाची एक चपटी पेटी केली. प्रत्येक नाणं हातात घेऊन, त्याच्या कडेने पेन्सिल फिरवून, त्याची त्याची खाच कापली. नाणं खाचेत ठेवलं की टुप् असा बारका आवाज होऊन बसायचं. भाऊ म्हणायचे, तुमची कवळी तशी माझी खाच, दादा, एकदा बसली की बसली. सुट्टीच्या दिवशी दोघं जुन्या वस्तूंची दुकानं पालथी घालत, आणि बहिणी म्हणत, बरं झालं, ह्या दोघांचंच लग्न लावून द्यायला हवं होतं.

छत्रीचं नाणं भाऊंनी शोधून आणलं. त्यावर चेहराच नव्हता. एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन किल्ल्या, वर उघडलेली छत्री, आणि नाण्याच्या मागच्या बाजूला पंख पसरलेलं कबुतर. एक पोप देवाघरी गेला आणि दुसरा अजून निवडला गेला नाही, अशा मधल्या काळात पाडलेलं ते नाणं. गादी रिकामी, म्हणून चेहरा नाही. भाऊंना ते इतकं आवडलं की घरात त्याची म्हणच होऊन गेली. दोघी बहिणी माहेरी गेल्या की भाऊ दादांना सांगत, "आमच्याकडे सध्या छत्रीचा कारभार आहे, जेवायला तुमच्याकडे येतोय." आणि दादा सांगत, इकडेही छत्रीच आहे. मग दोघं मिळून काहीतरी करपवत.

छत्रीचं माप घेऊन तिची प्लास्टरची प्रतिकृती भिंतीवर लावायची, असं दादांच्या मनात आलं. बाकी नाण्यांच्या त्यांनी तशा केल्या होत्या. एका दुपारी त्यांनी गुलाबी लगदा कालवला, छत्रीचा ठसा घेतला, आणि प्लास्टर भिजवणार इतक्यात निरोप आला की धाकटीला दवाखान्यात नेलंय, दिवस भरले होते. दादा आणि ताई तसेच निघाले. भाऊ दवाखान्याच्या व्हरांड्यात पिंजऱ्यातल्यासारखे फेऱ्या मारत होते. दादांनी त्यांना धरून बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. मुलगी झाली. नर्सने बाळ बाहेर आणलं तेव्हा भाऊंचे हात इतके कापत होते की त्यांनी ते घेतलंच नाही. म्हणाले, दादा, तुम्ही घ्या, तुमचा हात स्थिर आहे. तेव्हा छकुलीला पहिल्यांदा दादांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सगळं सुखरूप बघून ते घरी आले, आणि आनंदाच्या भरात शीळ घालत छत्रीच्या ठशात प्लास्टर ओतलं.

ती प्रतिकृती भिंतीवर लागली. नाणं पेटीत गेलं. ह्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं काहीच कारण पुढे कित्येक वर्षं पडलं नाही.

छकुली शाळेत जायला लागली त्या सुमाराला पेटीतली मखमल विटली आणि चांदी काळवंडायला लागली. भाऊ म्हणाले, सरसाचा दोष आहे, पेटी द्या, खाचा त्याच ठेवतो, मखमल बदलतो. पेटी नाण्यांसकट गेली आणि महिन्याभराने परत आली. सगळं तेच, पण छत्री जरा जास्तच उजळ दिसली. भाऊंनी हसत सांगितलं, धाकटीने पुसली, तिला राहवलं नाही. दादाही हसले. पण मनात काहीतरी टोचलं ते टोचलंच. पुढे कुणा नाणेवाल्याने दुकानात बोलता बोलता सांगितलं की हल्ली विश्वासातलीच माणसं नाणी बदलतात, दिली एक, आली दुसरी. दादा घरी आले, भिंतीवरची छत्री काढली, पेटीतली छत्री काढली, आणि कवळ्या मोजायचा कंपास लावला. नाणं मोठं भरलं. पुन्हा लावला. मोठंच. वजन तर आधी कधी केलंच नव्हतं.

खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता. पण संशयाला विचाराची घाई नसते, त्याला निकालाची असते. त्या रविवारी भाऊंचं सगळं घर जेवायला होतं. जेवण अर्ध्यावर आलं असताना दादा उठले, आतून दोन्ही छत्र्या आणल्या आणि भाऊंच्या ताटाशेजारी ठेवल्या.

"भाऊ, ह्याचं माप जुळत नाही."

भाऊंना वाटलं गंमतच चाललीय. म्हणाले, "दादा, माझ्या पोटाचं तरी तेव्हाच्या मापाशी कुठे जुळतंय?"

कुणी हसलं नाही. दादा म्हणाले, "माप खोटं बोलत नाही."

ताई स्वयंपाकघराच्या दारात भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "अहो, खाचेत तर बसतंय की ते." दादांनी मागे वळूनही न बघता म्हटलं की खाच कापणारा तोच आणि नाणं आणणाराही तोच. तेव्हा कुठे भाऊंना कळलं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. त्यांनी हात पुसला, छकुलीच्या तोंडाला लागलेलं पुसलं, आणि उठले.

"एकदा विचारायचं होतंत दादा," ते म्हणाले. "तुम्ही मोजलंत."

एवढंच. भांडण नाही, आवाज नाही. ताटं तशीच राहिली. आरडाओरडा झाला असता तर कदाचित दोन महिन्यांत मिटलं असतं. न बोलता तुटलेलं सांधायला टोकच सापडत नाही. बहिणी माहेरी भेटत राहिल्या, एकमेकींच्या संसाराची चौकशी करत राहिल्या आणि नवऱ्यांचा विषय आला की दोघीही चहा टाकायला उठत. दादांनी छत्री पेटीतून काढून टेबलाच्या खणात टाकली, मोडके दात, गंजलेले स्क्रू असतात त्यात. पेटीत तिची खाच रिकामी राहिली. नवं नाणं त्यानंतर एकही आलं नाही. एकट्याने दुकानात जाऊन दादा काय करणार होते? पोपचे दात ओळखायचे आणि सांगायचे कुणाला?

मधल्या काळात ताईने एकदा भाजी निवडता निवडता सांगितलं की हिरड्या खराब झाल्या म्हणून भाऊजींचे सगळे दात काढले. दादांनी घासायचं चाक थांबवलं. त्यानंतर बरेच दिवस दवाखान्यांतून येणारं प्रत्येक नवं माप ते उघडून उजेडात धरून बघत. भाऊंचा जबडा त्यांनी ओळखला असता. पण भाऊंचं माप आलं नाही. नंतर कळलं की त्यांनी स्टँडसमोरच्या कुठल्याशा दुकानातून स्वस्तात कवळी बसवून घेतली. दादांच्या हातची कवळी अख्ख्या गावाला मिळत होती, एका साडूंना सोडून. ते वाक्य रोज कुणी ना कुणी त्यांच्यासमोर म्हणत होतंच.

अशी वर्षं गेली. छकुली शिकली, नोकरीलाही लागली.

मग एक दिवस एका दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दादांनी केलेली एक कवळी रोग्याला घट्ट होत होती, जातच नव्हती. दादा सावरून काही बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "काका, तुमची नाही, चूक माझीच आहे. माप घेतलं, आणि तेवढ्यात तातडीची केस आली. ते तसंच उघडं राहिलं. आक्रसणारच ते, त्याच्यावर केलेलं सगळं लहानच येणार. नवं माप पाठवते."

दादा बरं म्हणाले. बाईंनी फोन ठेवला तरी त्यांनी कानाचा काढला नाही. मग ते उठून भिंतीकडे गेले आणि प्लास्टरची छत्री खाली उतरवून तिच्याकडे बघत उभे राहिले. ताई आत आली. तिने त्यांचा चेहरा बघितला आणि हातातली छत्री बघितली.

"हे कधी केलं होतं मी?" दादांनी विचारलं.

"असं काय विचारता? छकुली झाली त्या दिवशी. निरोप आला तसे हात न धुता निघालात. कोपरापर्यंत गुलाबी होतात. नर्स म्हणाली, आधी हात धुवा मग बाळ देते." मग तिने आठवून विचारलं, "दुसऱ्या दिवशी आल्यावर ओतलंत ना ते? शीळ घालत होतात."

दादा टेबलाशी बसले. वाळलेल्या मापावरची नक्कल मुळापेक्षा लहान निघते, हे त्यांच्या धंद्यातल्या पोरासोरालाही माहीत असलेलं. आणि इथे लहान कोण होतं? भिंतीवरचं. खरं नाणं मोडक्या दातांत लोळत पडलं होतं आणि त्याची आक्रसलेली नक्कल इतकी वर्षं मानाने खिळ्यावर होती. जन्मभर जगाला सांगितलं की मापाला एकटं सोडू नका, आणि स्वतः सोडलं ते नेमकं भाऊंच्याच घरच्या आनंदापायी. वर त्याच मापाची साक्ष काढून भाऊंना चोर ठरवलं. त्यांनी खण उपसला, छत्री शोधली, सदऱ्याला पुसली आणि पेटीतल्या रिकाम्या खाचेवर धरली. सोडताच टुप् झालं. ताई पदराने डोळे टिपत देवाचं नाव घेत राहिली. दादांना रडूही आलं नाही. ते म्हणाले, चप्पल घाल.

भाऊंच्या घराची पुढची खोली होती तशीच होती. पुठ्ठ्याचे गठ्ठे, सरसाचा वास, मखमलीच्या निळ्या-लाल कातरणांचा केर. दार छकुलीने उघडलं. मावशीच्या ती गळ्यात पडली, आणि दादांना म्हणाली, "या ना, बसा. पाणी आणते." अगदी आदराने, बाहेरच्या माणसाला म्हणावं तसं. दादांनी तिला पहिल्यांदा हातात घेतलं होतं हे तिला कुणी कधी सांगितलं नसावं.

भाऊ आतून आले. दादा बघतच राहिले. तोच चेहरा त्यांनी फादरच्या नाण्यावर पाहिला होता. गाल आत, ओठ पडलेला, हनुवटी वर निघालेली. सैल कवळी बोलताना इकडून तिकडे होत होती, म्हणून भाऊ तोंड फारसं उघडतच नव्हते. ज्या माणसाच्या तोंडाला कधी खंड नव्हता, तो आता मोजकं बोलत होता, आणि ते मौन रागाचं नव्हतं, कवळीचं होतं.

दादांनी छत्री काढून दोघांच्या मध्ये ठेवली. घरून वाक्यं जुळवून आणली होती ती सगळी कुठल्या कुठे गेली.

"माप मी वाळवलं होतं, भाऊ. नाणं तेच होतं."

भाऊंनी नाणं उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, खाच कापताना फिरवत तसा.

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता. त्या सहज काही बोलल्या, आणि माझ्या डोक्यात..."

"म्हणजे त्यांचं ऐकलंत," भाऊ म्हणाले.

त्यात चढा सूर नव्हता. म्हणूनच ते दादांच्या वर्मी लागलं. मग भाऊच म्हणाले, जाऊ द्या, मीही येऊन चार शिव्या द्यायला हव्या होत्या, म्हटलं आज ना उद्या विचारतील. धाकटीने चहा आणि पाव आणला. भाऊंनी पाठ अर्धी फिरवून पावाचा तुकडा चहात बुडवला, पार विरघळेपर्यंत धरला आणि मग तोंडात ठेवला. दादांनी ते पाहिलं. म्हणाले, उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. भाऊ म्हणाले, आता कशाला, सवय झालीय. दारातून धाकटी म्हणाली, "जातील." तिच्या त्या एका शब्दात एवढी वर्षं भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी दादा प्लास्टरची पिशवी, वाडगं आणि पळी घेऊनच दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी भाऊंची हिरडी बोटाने चाचपली आणि हात धुवायच्या निमित्ताने दादांना कोपऱ्यात घेतलं. हळू आवाजात म्हणाल्या, खालची पार सपाट झालीय काका, सैल कवळी घासून घासून हाड झिजलंय. नवी करू, पण धरायला आधारच उरलेला नाही. पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही, आणि दादांनाही ते ऐकायची गरज नव्हती. दात काढल्या काढल्या भाऊ त्यांच्याकडे आले असते तर कवळीला धरायला हाडाची चांगली उंच कड मिळाली असती. हाड एकदा झिजलं की कुणाच्या माफीने वाढत नाही.

बाईंनी माप घेऊन ट्रे बाहेर काढला, आणि तो त्यांच्या हातातून दादांच्या हातात आला तेव्हा प्लास्टर भिजत होतंच. बेसिनशी उभं राहून त्यांनी ते ओतलं, बुडबुडे निघून जावेत म्हणून हलक्या हाताने ठोकत राहिले, आणि घट्ट होईपर्यंत तिथून हलले नाहीत. बाई म्हणाल्या, काका, बसा तरी. ते उभेच राहिले.

कवळी करायला त्यांनी कधी नव्हे इतका वेळ घेतला. भाऊंचा पुढचा एक दात शेजारच्यावर किंचित चढलेला असे, हसले की आधी तोच दिसायचा. दादांनी मेणात तो तसाच चढवून लावला. खालच्या कवळीच्या कडा पुन्हा पुन्हा घासल्या, पुन्हा मेण लावलं, पुन्हा काढलं. ताईने देवापाशी काय मागितलं ते तिचं तिलाच माहीत. जेवायला या म्हणायला ती त्या दिवसांत मागच्या खोलीत आली नाही, ताट झाकून दाराशी ठेवून जायची.

बसवून बघायच्या दिवशी बाईंनी दवाखान्यात कवळी घातली, आणि भाऊ धाकटी आणि छकुलीसह तडक दादांकडे आले. त्यांनी आरशात बघितलं. गाल भरले होते. तो चढलेला दात दिसत होता. धाकटी म्हणाली, "अगं बाई, आले की परत." सगळे हसले. भाऊंनीही तोंड भरून हसून दाखवलं.

"वाक्य म्हणा," दादा म्हणाले.

"माझंच मला?" भाऊ म्हणाले. मग छाती पुढे काढून म्हणाले, "सासऱ्यांनी साडूंना सोडून सगळ्यांसाठी सदरे शिवले."

'सगळ्यांसाठी'ला टक् वाजलं. बारीक, दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही असं. भाऊंनी लगेच रुमाल तोंडाशी नेऊन ओठ पुसल्यासारखं केलं आणि आत बोटाने खालची कवळी दाबली.

"कशी वाटते?" दादांनी विचारलं.

"खाचेत बसल्यासारखी," भाऊ म्हणाले.

ह्या माणसाने त्यांना आजवर कधी खोटं दिलं नव्हतं. हे पहिलं होतं. दादांनी ते न वाजवता घेतलं.

ताईने चहा आणि पाव आणले. गप्पा सुरू झाल्या, नाण्यांच्या नाहीत, छकुलीच्या नोकरीच्या, सासऱ्यांच्या. पेटी टेबलावर उघडी होती आणि छत्री आपल्या जागी होती; भाऊंनी तिच्याकडे दोनदा पाहिलं पण हात लावला नाही. बोलता बोलता त्यांनी पाठ जराशी फिरवली, पावाचा तुकडा चहात बुडवला आणि धरून ठेवला. दादांच्या तोंडात त्यांचे स्वतःचे सगळे दात होते. त्यांनीही आपला पाव मोडला, कपात बुडवला, आणि पार मऊ होईपर्यंत काढला नाही.